सायकलीनं टोंगळा दुखतो? गोळी घेण्याआधी सीट मोजा

आमच्याकडे गुडघ्याला टोंगळा म्हणतात. "टोंगळा लय दुखून राहिला जी" हे वाक्य दुधवाल्याकडून, आशाताईकडून आणि नववीतल्या पोरीकडूनही ऐकू येतं. मी विदर्भात, वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत शिकवतो. घर ते शाळा जाऊन-येऊन २२ किलोमीटर, त्यातला अर्धा डांबरी आणि अर्धा पांदण रस्ता. हे अंतर मी सायकलीनंच कापतो.

सहा वर्षांपूर्वी, सोयाबीन निघायच्या दिवसांत, माझा उजवा टोंगळा दुखू लागला. आधी शाळेच्या पायऱ्या उतरताना, मग पाटावरून उठताना, शेवटी रात्री कूस बदलतानाही. एका दवाखान्यात दोन इंजेक्शनं आणि पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. गोळ्या सुरू असेपर्यंत बरं वाटायचं, संपल्या की पुन्हा तेच. तुम्ही येता-जाता कशानं, हे मला तिथं कोणी विचारलं नाही. पुढे एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी मात्र गुडघा पाहून झाल्यावर विचारलं, "सायकल कुठे उभी आहे? आत आणा." त्यांनी मला भिंतीला हात टेकवून सीटवर बसवलं आणि पायडल उलटं फिरवायला लावलं. सीट माझ्या मापापेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर खाली होती. दुकानात सायकल जोडून दिली त्या दिवशी होती तिथंच.

तेव्हापासून मी गावातल्या सायकली पाहतो आणि मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. चप्पल आपण पाय घालून पाहून घेतो, ब्लाऊज माप देऊन शिवतो, बैलाच्या खांद्याला लागत असेल तर जू बदलतो. सायकल मात्र "पाय टेकतात ना, झालं" एवढ्यावर वर्षानुवर्षं चालते. गुडघा एका किलोमीटरमध्ये साधारण दोनशे वेळा वाकतो आणि सरळ होतो. माप चुकलं असेल तर ती चूकही तितक्याच वेळा होते.

आधी पाहा, दुखणं सायकलीचंच आहे का

सीटला हात लावण्याआधी स्वतःला काही प्रश्न विचारा, कारण प्रत्येक गुडघेदुखी पाना घेऊन बरी होत नाही.

गुडघा लाल, गरम आणि सुजलेला आहे आणि सोबत ताप आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर एकेका दिवसानं सांधा खराब होतो. पडल्यावर किंवा मुरगळल्यावर काही तासांत गुडघा फुगला, पायावर भार देता येत नाही, चालताना गुडघा अचानक सोडून देतो किंवा वाकल्यावर अडकून बसतो, तर आत लिगामेंट किंवा गादी फाटलेली असू शकते. पोटरी एका बाजूची सुजून दुखत असेल तर तीही दाखवा.

आपल्या भागासाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. पहिली, सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात हा आजार बऱ्याच घरांत आहे आणि बाकी विदर्भातही आढळतो. पोरगं वारंवार "हातपाय दुखतात" म्हणत असेल, लवकर थकत असेल, डोळे पिवळसर दिसत असतील, तर सायकलीला दोष देऊ नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटातून रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते. ती करून घ्या. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन खुबा खराब होतो आणि त्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा ठीक दिसला तरी खुबा तपासायला सांगाच. दुसरी गोष्ट, पावसाळ्यात आणि त्यानंतर येणारा चिकनगुनिया. ताप जातो पण सांधे महिनोन्‌महिने दुखतात, आणि ते सहसा एकाच गुडघ्यापुरतं नसतं. तिसरी, पाण्यातलं फ्लोराइड. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते जास्त आहे. दात पिवळे-तपकिरी, कंबर आखडलेली आणि सांधे दुखरे असं घरातल्या अनेकांचं असेल तर पाणी तपासून घ्या.

यातलं काही नसेल, दुखणं सायकल चालवताना किंवा त्यानंतर वाढत असेल आणि दोन-चार दिवस सायकल बंद ठेवली की कमी होत असेल, तर पुढचं वाचा.

एका बोटानं जागा दाखवा

खुर्चीवर बसा, पाय खाली सोडा आणि दुखतं तिथं एकच बोट ठेवा. "सगळाच दुखतो" म्हणू नका, सगळ्यात जास्त कुठे ते शोधा.

समोर, वाटीच्या मागे किंवा भोवती दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा फार पुढे असते, आणि जोर मारून पायडल दाबलं जात असतं. गावातल्या दहा जणांत मला हेच सर्वाधिक दिसतं. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या उंचवट्यापर्यंत जाणाऱ्या जाड दोरीसारख्या स्नायुबंधात दुखत असेल तर ओझं आणि चढ हे कारण पहिलं पाहा. वाढत्या वयाच्या मुलामुलींत, साधारण दहा ते पंधरा वर्षांत, तो उंचवटाच दुखरा होऊन बाहेर आल्यासारखा दिसतो. हाड वाढत असताना स्नायू ते ओढतो म्हणून असं होतं. वाढ पूर्ण झाली की ते बहुधा शमतं, पण तोवर धावणं-उड्या आणि जोराचं पायडल कमी करावं लागतं.

गुडघ्याच्या मागे, लवणीत दुखत असेल तर उलट: सीट जास्त उंच आहे आणि पाय ताणला जातो. बाहेरच्या बाजूला दुखणं बहुतेकदा मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचं असतं. उंच सीट आणि आत वळलेली पावलं त्याला कारण होतात. आतल्या बाजूला दुखत असेल तर पायडल आणि क्रँक (पायडल ज्याला लागतं तो दांडा) पाहायचे. ते आपल्याकडे फार दुर्लक्षित आहेत, म्हणून त्यांच्यावर पुढे वेगळं लिहिलं आहे.

सीटची उंची: अर्धं काम इथंच

सीट खाली असली की पायडल वर येतं तेव्हा गुडघा जास्त वाकतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. उकिडवं बसून निंदण केल्यावर, किंवा खाली बसून भांडी घासल्यावर उठताना जे जाणवतं, तेच सायकलीवर सतत होत राहतं. दिवसभर वावरात निंदण करून संध्याकाळी खाली सीटची सायकल चालवणाऱ्या बाईचा गुडघा दोन्हीकडून भरडला जातो.

माप असं घ्या. भिंतीला एक हात टेका किंवा कोणाला तरी हँडल धरायला सांगा. रोज जी चप्पल किंवा बूट घालून सायकल चालवता तेच घाला. जाड तळव्याची चप्पल आणि अनवाणी पाय यात दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. सीटवर नीट, कंबर न झुकवता बसा. एक पायडल अगदी खाली आणा, सीटची नळी ज्या रेषेत खाली उतरते त्याच रेषेत. आता त्या पायडलवर टाच ठेवा. पाय पूर्ण सरळ झाला पाहिजे, पण कंबर त्या बाजूला कलता कामा नये. टाच पोहोचण्यासाठी कलावं लागलं तर सीट उंच आहे. टाच ठेवूनही गुडघा वाकलेला राहिला तर सीट खाली आहे. दोन्ही पायांनी तपासा.

उंची जमली की पावलाचा चवडा पायडलवर ठेवा. आता गुडघा थोडासा वाकलेला दिसेल, साधारण २५ ते ३५ अंश. चालवताना हाच चवडा पायडलच्या मधल्या दांड्यावर हवा. गावात बरेच जण तळव्याच्या मध्यानं किंवा टाचेजवळून पायडल मारतात, कारण चप्पल निसटते. मागून पट्टा असलेली चप्पल घेतली तर ही सवय आपोआप सुटते.

आकड्यात माप हवं असेल तर तेही आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, दोन पायांमध्ये वही उभी धरून ती वर, सीट जिथं टेकेल तिथपर्यंत सरकवा आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंत उंची मोजा. तिला ०.८८३ नं गुणा. जे येईल ते अंतर क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात त्याच्या मध्यापासून, सीटच्या वरच्या पृष्ठापर्यंत असावं. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा सायकलपटू आणि त्याचे फ्रेंच प्रशिक्षक सिरिल गिमार यांच्यामुळे हा गुणाकार जगभर पसरला. माझं हे वहीचं माप ७६ सेंटिमीटर भरतं, म्हणजे सीट सुमारे ६७ वर. मात्र हा हिशेब शर्यतीच्या सायकलींचा आहे. आपल्या काळ्या सायकलीला स्प्रिंगची सीट असते, ती वजनानं दबते, आणि आपण चप्पल घालतो. म्हणून टाचेची पद्धत खरी धरा आणि आकडा पडताळणीला ठेवा.

आता नट सोडा. सीट पिलरवर, म्हणजे सीट ज्या दांड्यावर बसते त्यावर, एका बाजूला खूण असते, तिच्या वर पिलर नळीबाहेर काढू नका. खूण नसेल तर कमीत कमी सहा-सात सेंटिमीटर पिलर नळीत राहिलाच पाहिजे, नाहीतर खड्ड्यात तो वाकतो किंवा मोडतो. एवढ्यात उंची पुरत नसेल तर दुकानातून लांब पिलर घ्या. जुन्या सायकलीत पिलर गंजून अडकलेला असतो. नट सोडून रात्रभर तेल घालून ठेवा आणि सकाळी सीट डावी-उजवीकडे फिरवत काढा. घणाचे घाव घालू नका, नळीचं तोंड फाकतं.

सीट पाच सेंटिमीटर खाली असेल तर एका दिवसात पाच सेंटिमीटर वर घेऊ नका. एक सेंटिमीटर वाढवा, तीन-चार दिवस चालवा, मग पुढचा. शरीराला जुन्या चुकीचीही सवय झालेली असते, एकदम बदललं तर गुडघ्याच्या मागे नवं दुखणं येतं. योग्य जागा सापडली की पिलरवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. घरातल्या दुसऱ्या कोणी सीट खाली केली तरी परत आणता येते.

यावर लोक लगेच म्हणतात, "सर, मंग पाय टेकत नाही जी." खरं आहे. योग्य सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकत नाहीत, एका पायाचा चवडा जेमतेम टेकतो. थांबताना सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं असतं. ही सवय मोकळ्या मैदानात, शाळेच्या पटांगणात किंवा खळ्यावर तासभर केली तर येते. वय झालेलं असेल, साडी असेल, कॅरियरवर ओझं असेल किंवा बाजाराच्या गर्दीतून जायचं असेल, तर सीट योग्य मापापेक्षा दोन सेंटिमीटर खाली ठेवणं हा चांगला मध्यममार्ग आहे. पडण्यापेक्षा तेवढी तडजोड बरी. पाच-सात सेंटिमीटर खाली ठेवणं ही मात्र तडजोड नाही.

सीट पुढे-मागे किती, हेही एकदा पाहा. क्रँक आडवा, जमिनीला समांतर करा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरीला नट बांधून ओळंबा सोडा. तो पायडलच्या दांड्यावर यायला हवा. फार पुढे पडत असेल तर सीट मागे सरकवा. सीटची चोच वर उचललेली किंवा खाली झुकलेली नको.

बावीस इंची की चोवीस इंची

काही वेळा सीट पूर्ण खाली करूनही ती उंच पडते. तेव्हा दोष फ्रेमचा असतो. फ्रेमचा आकडा म्हणजे क्रँकच्या मध्यापासून सीटची नळी संपते तिथपर्यंतची लांबी. २४ इंच म्हणजे ६१ सेंटिमीटर, त्यावर स्प्रिंगची सीट साधारण दहा सेंटिमीटर. म्हणजे चोवीस इंचीची सीट ७१ च्या खाली येणारच नाही. माझ्यासारख्या ६७ वाल्यानं ती चालवली की कंबर डावी-उजवीकडे हलत राहणार आणि लवणीत दुखणार. बावीस इंचीची सीट सुमारे ६६ पासून सुरू होते. वडिलांची किंवा मोठ्या भावाची सायकल वारशानं येते तेव्हा हे मोजूनच घ्या. जास्त उंच फ्रेमवर आटोपशीर, बिनस्प्रिंगची सीट लावली तर तीन-चार सेंटिमीटर वाचतात.

मुलींचं उलट होतं. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. आमच्या शाळेतही आल्या आणि कित्येक पोरींचं शिक्षण त्यांच्यामुळे टिकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आठवीत सीट अगदी खाली करून दिलेली असते, ती योग्यच. पण पोरगी दहावीपर्यंत दहा-बारा सेंटिमीटर वाढते आणि सीट तिथंच राहते. मागे मैत्रीण डबलसीट, पुढे दप्तर. मग टोंगळा दुखतो म्हणून आई सायकल बंद करते, आणि सायकल बंद झाली की शाळाही डळमळते. शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: जूनमध्ये आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, एक पाना घेऊन सायकल स्टँडवर अर्धा तास उभे राहा. तीस मुलींच्या सायकलींच्या सीट तेवढ्यात होतात.

पायडल, क्रँक, कॉटर पिन

सीट बरोबर असून आतल्या बाजूला दुखत असेल तर सायकल स्टँडवर उभी करा, मागे जा आणि कोणाला तरी हातानं पायडल हळू फिरवायला सांगा. पायडल वर-खाली डुलत असेल तर त्याचा दांडा वाकलेला आहे. प्रत्येक फेरीत पाऊल वेडंवाकडं होतं आणि ती पीळ गुडघ्यात जाते. सायकल पायडलच्या बाजूनं पडली, बैलगाडीला घासली की हे होतं, आणि लोक तशीच वर्षभर चालवतात. नवी जोडी घ्या. तो खर्च गोळ्यांपेक्षा कमी आहे. क्रँकच वाकला असेल तर मिस्त्रीकडून सरळ करून घ्या.

आता क्रँक हातात धरून पुढे-मागे हलवा. टक् असा आवाज येऊन तो थोडा सैल जाणवला तर कॉटर पिन, म्हणजे क्रँकला आसावर घट्ट धरणारी खिळी, झिजली आहे. अशा सायकलीत पायडल दर फेरीला एका जागी झटका देतं आणि जोर लावलेल्या क्षणी तो झटका गुडघ्यात बसतो. पिन बदलताना दोन्ही बाजूंच्या बदला आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध दिशेनं ठोकल्या आहेत का पाहा. दोन्ही एकाच बाजूनं घातल्या तर दोन पायडलं एका रेषेत राहत नाहीत आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा पुढे चालतो. मी हा दोष तीन सायकलींमध्ये पाहिला आहे.

जोर कमी, फेऱ्या जास्त

साध्या काळ्या सायकलीला बहुधा पुढे ४४ दात्यांची चकती आणि मागे १८ दात्यांचं फ्रीव्हील असतं. पायडलची एक फेरी झाली की अठ्ठावीस इंची चाक सुमारे साडेपाच मीटर पुढे जातं. ताशी १३ किलोमीटरच्या आपल्या नेहमीच्या वेगाला मिनिटाला फक्त चाळीस फेऱ्या होतात. म्हणजे प्रत्येक फेरीत भरपूर जोर, आणि तो सगळा वाकलेल्या गुडघ्यातून. शर्यतीचे सायकलपटू ८०-९० फेऱ्या मारतात ते शौक म्हणून नाही. तेवढंच काम जास्त फेऱ्यांत वाटलं की दर फेरीचा दाब कमी होतो.

आपल्याला गिअर नाही, पण मागचं फ्रीव्हील बदलता येतं. १८ च्या जागी २२ दात्यांचं लावा. एक फेरी साडेचार मीटरची होते, त्याच वेगाला फेऱ्या ४८-४९ होतात आणि प्रत्येक फेरीचा जोर जवळजवळ एक-पंचमांश उतरतो. चेनला कडी वाढवावी लागते, तेवढं मिस्त्री करून देतो. सपाट रस्त्यावर थोडे जास्त पाय हलवावे लागतात, वेग किंचित कमी होतो. पण ज्यांच्या वाटेवर चढ आहे, समोरून वारा लागतो किंवा मागे ओझं असतं, त्यांनी हे करावंच. एवढ्या थोड्या पैशात गुडघ्यासाठी इतकं करणारं दुसरं काही मला माहीत नाही. दुधवाल्यांना तर मी हेच आधी सांगतो: वीस-वीस लिटरच्या दोन कॅन म्हणजे ४१ किलो दूध, वर कॅनचं वजन. ते घेऊन १८ दात्यांवर नाल्यातून वर चढायचं म्हणजे एका पायानं पोतं उचलण्यासारखं आहे.

ओझं असताना नाल्याच्या चढावर, काळ्या मातीच्या चिखलात आणि थांब्यावरून निघताना उतरून ढकला. ढेपीचं पोतं कॅरियरवर ठेवून, सीटवरून उठून उभं राहून, पूर्ण वजनानं पायडल दाबत निघायची सवय अनेकांचे गुडघे घेऊन गेली आहे.

सायकल हलकी चालली पाहिजे, हेही गुडघ्याचंच काम. मागचं चाक उचलून हातानं फिरवा. दोन-तीन फेऱ्यांत थांबत असेल तर ब्रेकचे रबर घासतात किंवा छर्रे कोरडे आहेत. चेन आठवड्यातून एकदा कापडानं पुसून तेलाचे थेंब सोडा, पांदणीतून आलात तर त्याच दिवशी. आणि उन्हाळ्यात ट्यूब फुटेल या भीतीनं अर्धी हवा ठेवायची पद्धत आपल्याकडे आहे, ती सोडा. सावलीत लावा, पण हवा भरपूर ठेवा. नरम टायर म्हणजे प्रत्येक किलोमीटर चढाचा.

दुखऱ्या गुडघ्याचं काय करायचं

माप घेतलं म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी जात नाही. माझं जायला दोन महिने लागले. पहिला आठवडा सायकल निम्म्यावर आणा किंवा बंद ठेवा, उकिडवं बसणं टाळा, निंदणाला पिढा किंवा लहान स्टूल घ्या. पूर्ण झोपून मात्र राहू नका, मांडीचा स्नायू लवकर वाळतो आणि मग गुडघ्याला आधारच उरत नाही. ताजी सूज असेल तर बर्फ कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, बर्फ नसेल तर माठातल्या पाण्याची घडी पुनःपुन्हा बदलून. जुन्या, आखडलेल्या दुखण्याला शेक बरा वाटतो. निर्गुडीच्या पाल्याचा शेक घरोघरी देतात, तो दिल्यानं काही बिघडत नाही.

बिब्बा मात्र लावू नका. टोंगळ्यावर बिब्बा लावून मोठे फोड आलेली आणि पुढे जखम चिघळलेली माणसं मी पाहिली आहेत.

व्यायाम तीनच सांगतो, कारण दहा सांगितले की कोणी एकही करत नाही. पहिला: पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्यानं ती खाली दाबा. मांडी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. दहा आकडे मोजा, सोडा. दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा: उताणे झोपा, दोन्ही गुडघे वाकवून पावलं जमिनीवर, आणि कंबर वर उचला, आपलं सेतुबंधासन. कुल्ल्याचे स्नायू कमजोर असले की पायडल मारताना गुडघा आत पडतो, म्हणून हा. तिसरा, पहिले दोन आठवडाभर न दुखता जमल्यावर: घराच्या ओट्याच्या लहान पायरीवर एका पायावर उभे राहा, दुसरा पाय हळूहळू जमिनीला टेकवा आणि परत वर. दुखरा पाय पायरीवर. गुडघा पावलाच्या रेषेत राहतो का ते पाहत करा, आरशासमोर किंवा बायकोला बघायला सांगून. सहा आठवडे रोज.

गोळ्यांबद्दल. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं डायक्लोफेनॅक किंवा तशी गोळी आठवडे-आठवडे घेऊ नका. पोटात व्रण होतात, बीपी वाढतो, आणि आपल्या मे महिन्याच्या ४५ अंशांत, घामानं शरीर कोरडं पडलेलं असताना, मूत्रपिंडावर तिचा मार जास्त बसतो. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जेवणानंतर आणि ठरल्या दिवसांपुरती. वरून लावायचं जेल त्यामानानं सुरक्षित. आणि कागदाच्या पुडीत सुट्ट्या गोळ्या मिळून दोन दिवसांत चमत्कारासारखं बरं वाटलं, तर नाव विचारा. त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असू शकतं. ते मनानं चालू ठेवल्यास साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि बरेच दिवस घेतलं असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं. अशा वेळी सरळ ग्रामीण रुग्णालयात जाऊन खरं सांगा.

वय पन्नाशीच्या पुढे असेल आणि एक्स-रेमध्ये झीज निघाली असेल, तर बहुतेक घरी पहिला हुकूम सायकल बंद करण्याचा निघतो. तो बरोबर नाही. सायकलीवर शरीराचं बरंचसं वजन सीटवर असतं. योग्य उंचीच्या सीटवर, सपाट रस्त्यानं, हलक्या पायानं सायकल चालवणं झिजलेल्या गुडघ्यासाठी चांगल्या व्यायामांत मोजलं जातं.

परत रस्त्यावर

पहिल्या दिवशी दोन किलोमीटर, सपाट, बिनओझ्याचं. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या. चालवताना तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या सकाळी पायऱ्या उतरताना आधीपेक्षा जास्त नसलं, तर तेवढंच अंतर ठेवा आणि चौथ्या दिवशी एक किलोमीटर वाढवा. सकाळी जास्त दुखलं तर एक पाऊल मागे या, बंद करू नका. ओझं सगळ्यात शेवटी, आणि तेही आधी निम्मं.

गिअरच्या सायकलवाल्यांसाठी थोडक्यात: मोठ्या गिअरवर जोर लावू नका, फेऱ्या ८० च्या आसपास ठेवा. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर सर्वात हलका गिअर पायथ्यालाच लावा, पाय भरून आल्यावर नाही. बुटाला क्लीट (पायडलमध्ये अडकणारी तळाची पट्टी) असेल आणि गुडघा आतून किंवा बाहेरून दुखत असेल, तर क्लीट सैल करा. पाऊल ज्या कोनात सहज पडतं त्याच कोनात ती बसवा.

सहा आठवडे हे सगळं करूनही दुखणं निम्म्यावर आलं नसेल तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात आणि सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ, नागपूरसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत जा. जाताना जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं न्या, आणि जमलं तर सायकलही. एवढ्या लांब ती नेता येत नसेल तर मोबाइलवर दोन छोटे व्हिडिओ काढा, एक बाजूनं आणि एक मागून, तुम्ही सपाट रस्त्यावर अर्धा मिनिट चालवताना. बाजूच्या व्हिडिओत सीटची उंची दिसते, मागच्यात कंबर आणि गुडघा कुठे पडतो ते.